घरी कोणीतरी असतंच

पुण्यात गुरुवारी लाइट जाते, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. देखभाल-दुरुस्ती म्हणतात त्याला. लोक सकाळी लवकर टाक्या भरून घेतात, मिक्सर फिरवून घेतात आणि मोकळे होतात. धायरीच्या त्या सोसायटीत गुरुवारचा खरा धसका घेतला होता तो एकट्या श्रद्धाने. लाइट गेली की तिच्या भावाची नोकरी जायची वेळ यायची, आणि भाऊ बसला होता व्हिएतनामात, समुद्रकिनारी.

ऋषी हा तिचा थोरला भाऊ. खराडीच्या एका कंपनीत कामाला. कंपनीने घरून काम करायची मुभा दिली, तेव्हा स्वारीच्या डोक्यात आलं की घर धायरीतच असलं पाहिजे असं कुठे लिहिलंय? तसं ते लिहिलेलं होतं. परदेशात बसून काम चालणार नाही, असं नियमांत स्वच्छ म्हटलं होतं. पण नियम वाचायचे ते इतरांनी. ऋषीने ऑफिसचा लॅपटॉप धायरीत आपल्या खोलीतल्या टेबलावरच ठेवला, त्याला एक छोटी डबी जोडली आणि त्या डबीतून तो तिकडे बसून इकडचा लॅपटॉप चालवू लागला. कंपनीला वाटायचं, गडी सिंहगड रोडवर आहे. रिकाम्या खोलीत पडद्यावरचा बाण आपोआप फिरायचा, अक्षरं आपोआप उमटायची. पहिल्या आठवड्यात कामवाली बाई ते बघून घाबरली आणि त्या खोलीत झाडू मारायचा नाही म्हणाली. म्हणजे ते कामही श्रद्धाकडे आलं.

लॅपटॉपच्या शेजारी ऋषीचा जुना फोन. त्यात इकडचं सिमकार्ड. बँक असो, विमा असो, ऑफिसचं लॉगिन असो, प्रत्येक ठिकाणचा ओटीपी त्या फोनवर यायचा आणि तो वाचून दाखवायला बहीण. आंघोळीला जाताना फोन बादलीच्या शेजारच्या स्टुलावर, मंडईत जाताना पर्समध्ये, मैत्रिणीशी बोलताना मांडीवर. फोन वाजला की दोन मिनिटांच्या आत आकडे पाठवायचे, नाहीतर ते बाद होतात आणि तिकडून ऋषीचा वैतागलेला आवाज येतो. लॅपटॉप अडकला की बंद करून चालू करायचा. कोणाचा फोन आला तर उचलायचा नाही, ऋषीला कळवायचं. तो मग इंटरनेटवरून साहेबांना फोन करायचा आणि म्हणायचा, आंघोळीला गेलो होतो सर.

गुरुवारी लाइट नाही, ही सबब ऋषीने सुरुवातीला दोन-तीनदा वापरून पाहिली. साईनाथ सर म्हणून त्याचे साहेब होते, ते त्याच्याहून पक्के निघाले. म्हणाले, हरकत नाही, गुरुवारी ऑफिसला येऊन बसत जा, इथे जनरेटर आहे. तेव्हापासून गुरुवारी धायरीत लाइट जाणं बंद झालं. म्हणजे लाइट जायचीच, पण साहेबांना ते कळू द्यायचं नव्हतं. इन्व्हर्टर दुपारपर्यंत साथ द्यायचा. मग श्रद्धा लॅपटॉप, डबी, फोन आणि चार्जरच्या वायरींचा गुंता पिशवीत भरायची आणि एखाद्या कॅफेत एका कॉफीवर संध्याकाळ काढायची.

आणि ऋषी इंटरनेटवर लिहायचा, 'मी जगात कुठूनही काम करतो.' आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच.

श्रद्धा काही रिकामी नव्हती. कर्णबधिर मुलांना शिकवायचं रीतसर शिक्षण तिने घेतलं होतं. पुण्यातल्या एका शाळेत रजेच्या जागेवर काही महिने काम केलं, मग ती जागा संपली. त्यानंतर सावंतवाडीच्या एका निवासी शाळेने तिला निवडलं, कायमच्या जागेवर. पहिल्यांदा बोलावणं आलं ते नेमकं ऋषीला तिकडे डेंग्यू झाला तेव्हा. परक्या दवाखान्यात तो एकटा, आणि पैसे भरायला दर खेपेला इकडचा ओटीपी लागायचा. श्रद्धाने शाळेकडून मुदत वाढवून घेतली. शाळा भली, त्यांनी दिली. आता सोमवारी हजर व्हायचं होतं. येणार की नाही ते गुरुवार संध्याकाळपर्यंत कळवा, आणखी मुदत मिळणार नाही, असं मुख्याध्यापकांनी शांतपणे सांगितलं होतं. त्या वर्गातली मुलं जूनपासून शिक्षकाची वाट बघत होती.

ती गेली तर लॅपटॉपचं काय, हा प्रश्न घरात उभा राहिला. ऋषी म्हणाला, तीन महिने थांब, पुढच्या व्हिसापर्यंत. ते काम वडिलांनी अंगावर घेतलं असतं तर प्रश्नच मिटला असता. बापूराव भोसरीच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, आयुष्यभर यंत्रं चालवलेली. प्रकृती ठणठणीत, रोज पहाटे टेकडी चढून यायचे. श्रद्धाने त्यांना लॅपटॉप कसा बंद करून चालू करायचा ते दाखवायला घेतलं, तेव्हा ते म्हणाले, मला त्यातलं काही कळत नाही. सकाळी उठून शंभर जणांना फुलांची चित्रं पाठवणाऱ्या बोटांना एक बटण दाबता येत नव्हतं.

"त्याचं करिअर आहे, बाळा," ते म्हणाले. "तुझं काय, तुला आज ना उद्या कुठेही लागेल."

आई असती तर बोलली असती. पण आई जाऊन चार वर्षं झाली होती, आणि आईच्या मागे या घरात कोणाचं काय अडतं हे बघायची जबाबदारी न विचारता श्रद्धाकडे आली होती. तिने शाळेला नकाराचा निरोप फोनमध्ये लिहून ठेवला. तो पाठवायला मात्र बोट उठत नव्हतं.

तिला सगळ्यात राग कशाचा यायचा? ऋषी तिकडे मजेत असता तर एकवेळ तिने सोसलं असतं. पण तो मजेत नव्हता, आणि ते फक्त तिला माहीत होतं. त्याची खोली स्कूटर दुरुस्तीच्या दुकानाच्या वर, बिनखिडकीची. समुद्र दिसायचा तो एका कॅफेतून, आणि तिथे तो फोटो काढण्यापुरता जायचा. दर तीन महिन्यांनी व्हिसा संपला की रात्रभर बसने सीमेपलीकडे जायचं, शिक्का मारून घ्यायचा आणि परत यायचं. आज भेटलेला माणूस पुढच्या आठवड्यात दुसऱ्या देशात. कानाला संसर्ग झाला, पोट बिघडलं, दिवाळीत दिवसभर कोणाशी एक शब्द बोलला नाही. त्या दिवशी त्याचा फोन आला होता आणि तो म्हणाला होता, काही बोलू नकोस, फोन नुसता ओट्यावर ठेव, कुकरची शिट्टी ऐकू दे. श्रद्धाने वरणाचा कुकर लावला, फोन ओट्यावर ठेवला आणि तीही रडली. मग म्हणाली, दादा, ये ना परत. तो म्हणाला, परत आलो तर लोक काय म्हणतील?

लोक काय म्हणतील. म्हणजे ज्यांना तो समुद्र दाखवत होता, ते लोक. त्यांच्यासाठी तो तिकडे कुढणार आणि ही इकडे अडकणार. कोणाचं भलं होत होतं यात?

त्यात घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. सदाशिव पेठेतल्या एका मंडळाच्या व्याख्यानमालेत बापूरावांनी मुलाचं व्याख्यान ठरवून टाकलं. विषय, 'जग हेच ऑफिस'. वक्ता व्हिएतनामातून पडद्यावर बोलणार, आणि त्याच्या वतीने शाल-श्रीफळ वडील स्वीकारणार. वार गुरुवार, वेळ संध्याकाळी सहा. शाळेला उत्तर द्यायचं तीच संध्याकाळ. बापूरावांनी नवा सदरा शिवून घेतला.

त्या गुरुवारी धायरीची लाइट पाच वाजले तरी आली नाही. इन्व्हर्टर कधीच मान टाकून बसला होता. ऋषीचा निरोप आला की या आठवड्यात काम ग्राहकाकडे जायचंय, साडेसातपर्यंत माझ्या नावापुढचा, कामावर असल्याचा हिरवा ठिपका साहेबांना दिसलाच पाहिजे. तेव्हा लॅपटॉप घेऊन हॉलमध्येच ये, आणि मी भाषण करत असेन तेव्हा अधूनमधून त्यावर बोट फिरवत राहा. निरोपाच्या शेवटी एक हसरा चेहरा.

श्रद्धा गेली. आजची संध्याकाळ काढू, मग दादाशी आणि बाबांशी शेवटचं बोलू, असं तिने ठरवलं होतं.

हॉल भरला होता. निम्मे निवृत्त लोक, निम्मी तरुण मुलं, नोकरीला कंटाळलेली. व्यासपीठामागे पांढरा पडदा, पुढे टेबल, टेबलावर शाल आणि नारळ. भिंतीवर मंडळाची पाटी होती: 'प्रश्न एका वाक्यात विचारावा. स्वतःचा अनुभव सांगू नये.' श्रद्धाने मागच्या ओळीत प्लगजवळची खुर्ची धरली, आपल्या फोनवरून नेट जोडलं आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. तिच्या शेजारी भाग्यश्री नावाची मुलगी बसली होती. अकोल्याची, इथे पेठेतच कॉट बेसिसवर, एका खाटेपुरती जागा घेऊन राहणारी, कुठल्याशा कंपनीत कामाला. राजीनामा लिहून तयार आहे, फक्त हे व्याख्यान ऐकायचं आणि द्यायचा, असं तिने स्वतःहून सांगितलं. श्रद्धा वक्त्याची बहीण आहे हे कळल्यावर म्हणाली, नशीबवान आहात न ताई.

पडद्यावर ऋषी आला. मागे किनाऱ्यावरच्या दिव्यांत चमकणारा समुद्र, डोक्यावर कॅफेचा पंखा. बारीक झाला होता, पण हॉलमध्ये ते ओळखणारी ती एकटीच. आणि बोलला असा, की ऐकत राहावं. सकाळी पोहणं, दुपारी काम, संध्याकाळी नवे मित्र. आपण भिंतींना घर म्हणतो, मी आकाशाला म्हणतो. बिनखिडकीच्या खोलीत राहणारा माणूस आकाशावर बोलत होता आणि लोक माना डोलावत होते. बापूराव पहिल्या रांगेत ताठ बसले होते. श्रद्धा बोट फिरवत होती. हिरवा ठिपका टिकून होता.

"माझं सगळं आयुष्य आता एका पाठपिशवीत मावतं," ऋषी म्हणाला. "मागे मी काहीही ठेवलेलं नाही."

श्रद्धाने मांडीवरच्या लॅपटॉपकडे बघितलं. तो तापला होता, मांडीला चटके बसत होते.

मग प्रश्न सुरू झाले. कार्याध्यक्ष कोरड्या आवाजाचे गृहस्थ होते. कोणी लांबण लावलं की नुसतं पाटीकडे बोट करायचे. पांढऱ्या सदऱ्यातले एक आजोबा उठले आणि त्यांनी विचारलं, तिकडे राहता ते छान, पण इकडची बँक, ओटीपी, घरची कामं, यांचं काय करता?

ऋषी हसला. "अहो काका, ते काही अवघड नाही. घरी कोणीतरी असतंच."

लोकही हसले. बापूराव सगळ्यांत मोठ्याने. भाग्यश्रीने मान हलवली आणि श्रद्धाच्या कानाशी म्हणाली, "खरंच की. माझी लहान बहीण आहे न अकोल्याला, ती पाहून घेईल सगळं."

श्रद्धाचं बोट थांबलं.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, ते तिला त्या क्षणी कळलं. कोणीतरी. नाव नाही, चेहरा नाही. नळाला पाणी असतं, भिंतीत वीज असते, तसं घरी कोणीतरी असतं. बादलीशेजारचा फोन, कॅफेतल्या थंड झालेल्या कॉफ्या, दवाखान्याचे ते आकडे, ओट्यावरची कुकरची शिट्टी, सगळं त्या एका शब्दात गुंडाळून त्याने हशा मिळवला होता. आणि इथे बसलेली ही पोरगी तोच शब्द उचलून अकोल्यातल्या आणखी एकीच्या गळ्यात बांधायला निघाली होती. त्या बहिणीला बिचारीला अजून पत्ताही नव्हता.

तिने नेट बंद केलं. प्लग काढला. लॅपटॉप एका हातात, जुना फोन दुसऱ्या हातात घेतला आणि ती खुर्च्यांमधल्या वाटेने सरळ पुढे गेली.

कार्याध्यक्ष म्हणाले, ताई, प्रश्न जागेवरूनच विचारा.

"प्रश्न नाहीये," श्रद्धा म्हणाली. तिने नारळ जरा बाजूला सरकवला आणि त्याच्या शेजारी लॅपटॉप ठेवला, लॅपटॉपवर फोन ठेवला. माइक जवळच होता. तो तिने पुढ्यात ओढला. "मी ऋषीची बहीण. स्वतःचा अनुभव सांगू नये असं पाटीवर लिहिलंय, म्हणून सांगत नाही, वस्तू दाखवते. हा दादाचा ऑफिसचा लॅपटॉप. हा त्याचा फोन. पाठपिशवीत मावलं नाही ते हे सामान. आणि घरी जे कोणीतरी असतं, ते मी. मला सोमवारी सावंतवाडीला शाळेत हजर व्हायचंय."

पडद्यावर ऋषी स्तब्ध झाला होता. पहिल्या ओळीतलं कोणीतरी म्हणालं, नेट अडकलं वाटतं. पण ऋषीच्या डोक्यावरचा पंखा फिरत होता.

"श्रद्धा, प्लीज," तो म्हणाला, आणि हॉलच्या चारही स्पीकरमधून ते सगळ्यांना ऐकू आलं. "फक्त साडेसातपर्यंत थांब."

एवढंच सुचलं त्याला. खरं खोटं काही नाही, माफी नाही. फक्त साडेसातपर्यंत.

"पाहुण्यांचं नेट उत्तम आहे," कार्याध्यक्ष म्हणाले आणि खाली बसले.

तेवढ्यात फोन वाजला. हिरवा ठिपका विझून काही मिनिटं झाली होती. लॅपटॉपवर थरथरणारा तो फोन हळूहळू नारळाकडे सरकत होता आणि त्यावर साईनाथ सरांचं नाव दिसत होतं. बापूराव उठून टेबलाशी आले. शाल घ्यायला आलेले हात त्या फोनच्या वर नुसतेच अधांतरी थांबले.

"अगं, आता हे काय करायचं?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"ते तुम्ही दोघं ठरवा," श्रद्धा म्हणाली. "तुम्ही असता ना घरी, बाबा."

ती वळली आणि चालू लागली. फोन वाजत होता. तिने मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर परत गेली असती, हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचाही तिला राग आला.

दाराशी भाग्यश्रीने तिला गाठलं. राजीनामा लिहून बसलेली ती पोर गोंधळली होती. ताई, मग जाऊ की नको, असं तिने विचारलं.

"जा," श्रद्धा म्हणाली. "बहिणीला विचारून जा. आणि ती नाही म्हणाली तर ते ऐकून घे."

टिळक रस्त्यावर संध्याकाळची गर्दी उसळली होती. एका बंद दुकानाच्या पायरीवर ती बसली. भावाची नोकरी आपण घालवली की त्याची सुटका केली, हे तिला कळत नव्हतं, आणि आज ते कळून घ्यायची तिची इच्छाही नव्हती. तिचा स्वतःचा फोन वाजला. दादा. तिने वाजू दिला. मग शाळेसाठी लिहून ठेवलेला नकार पुसला आणि लिहिलं, सोमवारी हजर होते.

लगेच तिने सावंतवाडीच्या बसचं तिकीट काढायला घेतलं. जागा खिडकीची निवडली. शेवटी पडद्यावर आलं, ओटीपी टाका.

सवयीने तिचा हात पर्समध्ये गेला आणि जुना फोन चाचपडू लागला. पर्समध्ये कंगवा होता, रुमाल होता, किल्ल्या होत्या. फोन नव्हता. तेवढ्यात हातातलाच फोन किणकिणला. श्रद्धाने रोजच्यासारखे आकडे मोठ्याने वाचले, एकेक करून, रस्त्यावरच्या गोंगाटात. पलीकडून कोणी 'लवकर' म्हणालं नाही. मग तिने ते स्वतःच टाकले.